आठ वर्षं उभा असलेला मॅसी १०३५ ट्रॅक्टर : क्लच जाम झालाय, सुरुवात कुठून करावी?

शिवार_मोहोळ

नमस्कार मंडळी. आजोबांनी घेतलेला मॅसी १०३५, १९८८ सालचा, तीन सिलेंडर. आठ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे, शेडची पश्चिमेची बाजू उघडी, त्यामुळे पाऊस मागच्या अर्ध्या भागावर येतो. विकायचा नाही, भंगारात तर नाहीच. ज्वारीच्या पेरणीआधी कुळवाची पाळी घालायला आणि पाण्याचा टँकर ओढायला चालू करायचाय.

आजची अवस्था अशी: पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून फिरवलं तर इंजिन फिरतंय, म्हणजे पिस्टन धरलेले नाहीत. क्लचचं पेडल निम्म्यापर्यंत जातं, हळूहळू वर येतं. गिअर पडतात. पण गिअरमध्ये टाकून, पेडल दाबून चौघांनी ढकललं तरी हलत नाही, आणि जोर लावला की इंजिनची पुलीच फिरते. गिअरचं ऑइल डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं दिसतंय.

गावातले मिस्त्री म्हणतात सरळ मधून खोला (इंजिन आणि गिअर बॉक्स वेगळे करा) आणि सगळा क्लच नवा टाका. हाताशी तीन टनाची चेन पुली, दोन बॉटल जॅक आणि पान्यांचा पूर्ण सेट आहे. न खोलता क्लच सुटू शकतो का? खोलावाच लागला तर काय काय बदलायचं? आणि इतक्या वर्षांनी इंजिन चालू करताना काय सांभाळायचं?

भीमाकाठ_वर्कशॉप

दादा, "क्लच जाम" या दोन शब्दांत चार वेगळे आजार बसतात. कोणता आहे ते आधी ठरवा, मग पाना हातात घ्या.

पेडलपासून हाउसिंगकडे (क्लच ज्यात बसतो त्या बिडाच्या घराकडे) जाणाऱ्या लिंकची पिन काढा. आता नुसतं पेडल हलवून बघा, मग हाउसिंगच्या बाजूला बाहेर आलेल्या क्रॉस शाफ्टचा (आडव्या दांड्याचा) लिव्हर वेगळा हलवून बघा. पेडल एकटंच जड जात असेल तर ते ज्या शाफ्टवर फिरतं तिथलं बुश गंजलंय. तुमचं पेडल हळूहळू वर येतंय त्यावरून हा आजार तरी नक्की आहे. ग्रीस निपल बदला, भेगेत रॉकेल आणि ऑइल अर्धं-अर्धं सोडत दोन दिवस थोडं थोडं हलवा. हातोडा पेडलवर मारायचा नाही, बिडाचा भाग तुटतो.

लिव्हर जड असेल तर क्रॉस शाफ्टची बुशं किंवा रिलीज बेअरिंगची (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगची) बाही धरलेली आहे. लिव्हर एकदम ढिला, काही ओझंच नाही असा फिरत असेल तर फोर्क (बेअरिंग ढकलणारा काटा) तुटलाय किंवा त्याची खीळ निघालीय, मग खोलण्याशिवाय इलाज नाही. आणि लिव्हर पूर्ण फिरतो, शेवटी स्प्रिंगचा ताण लागतो, तरी प्लेट सुटत नाही, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चाकाला) किंवा प्रेशर प्लेटला (तिला दाबून धरणाऱ्या तबकडीला) गंजाने चिकटली आहे.

आता महत्त्वाचं. तुमचं पेडल निम्म्यापर्यंतच जातंय. म्हणजे प्लेट चिकटलीच आहे असं आजच्या घडीला म्हणता येत नाही, कदाचित बेअरिंग बोटांपर्यंत (क्लच कव्हरवरच्या छोट्या लिव्हरांपर्यंत) पोचतच नसेल. आधी पेडल पूर्ण खाली जाऊ द्या, मग खरी चाचणी घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एका चाकाला मागून-पुढून दगड लावा, मागचं दुसरं चाक जॅकवर उचला, खाली लाकडी ठोकळा ठेवा. इंजिन बंद, वरचा गिअर टाकलेला, एकाने पेडल तळाला दाबून धरायचं आणि दुसऱ्याने उचललेलं चाक हाताने फिरवायचं. चाक फिरताना पुलीही फिरली तर प्लेट चिकटलेली. चाक जड का होईना, पण पुली न हलता फिरलं तर क्लच सुटतोय. मग फक्त प्लेटचा हब (मधला भाग) गिअर बॉक्सच्या शाफ्टच्या खाचांवर गंजून सरकत नसेल, त्याने गिअर टाकताना करकर येते.

शिवार_मोहोळ

धन्यवाद. पेडलचं बुश तीन दिवसांत मोकळं झालं, आता पेडल तळापर्यंत जातं आणि शेवटी ताण लागतो. चाक उचलून बघितलं, पुली फिरतेच. हाउसिंगच्या बाजूची झाकणपट्टी काढली, बॅटरीने बघितलं तर फ्लायव्हीलच्या कडेला तांबूस थर आहे. गंज सोडवणारा स्प्रे आत मारू का?

भीमाकाठ_वर्कशॉप

नाही. स्प्रे, डिझेल, रॉकेल, काहीच आत मारू नका. लायनर (प्लेटवरचा घर्षणाचा थर) तेल पितो. आज सुटला तरी उद्या ओझं आलं की घसरेल, आणि मग नवीन प्लेट टाकावीच लागेल.

पहिला उपाय बिनखर्चाचा. पेडल पूर्ण दाबून लाकडाच्या दांड्याने सीटच्या बुडाला टेकवून अडकवा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. स्प्रिंगचा दाब निघालेला असला की नुसत्या थंडी-उन्हाच्या फरकानेही कधी कधी प्लेट सुटते. इंजिन चालू होण्याजोगं असेल तर न्यूट्रलमध्ये, पेडल अडकवलेलं ठेवूनच अर्धा तास चालवा. हाउसिंग तापतं, थरथर लागते. सुटताना "टक्" असा आवाज येतो.

दुसरा उपाय झाकणपट्टीतून. पेडल दाबलेलं असताना हेक्सा ब्लेड, दात घासून काढलेलं, प्लेट आणि फ्लायव्हीलच्या फटीत सरकवून बघा. पुली थोडी थोडी फिरवत पूर्ण घेर घ्या. एका बाजूने झालं की प्रेशर प्लेटच्या बाजूने. छन्नी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, लायनरचा तुकडा पडतो आणि तो आतच फिरत राहतो.

तिसरा उपाय ओढण्याचा. इंजिनचा स्टॉप नॉब बाहेर ओढून ठेवा म्हणजे डिझेल बंद. वरचा गिअर, पेडल तळाला, आणि मोकळ्या रानात दुसऱ्या ट्रॅक्टरने ५०-६० मीटर ओढा. प्रत्येक कॉम्प्रेशनला प्लेटवर झटका बसतो आणि गंज तुटतो. दोरी किंवा साखळी वापरू नका, लोखंडी दांडाच हवा. तुमचा क्लच सुटत नाहीये, त्यामुळे पुढचा ट्रॅक्टर थांबला की तुमचा त्याच्यावर जाऊन आदळेल.

यानेही नाही सुटला तर चालत्या इंजिनवरचा उपाय आहे, पण ब्रेक आणि स्टॉप नॉब दोन्ही शंभर टक्के काम करत असतील तरच. मोकळं, सपाट, नांगरट नसलेलं रान. समोर १०० मीटरपर्यंत माणूस, जनावर, विहीर काही नको. मधला किंवा वरचा गिअर, ट्रॅक्टर चालता ठेवून पेडल दाबायचं आणि गॅस कमी-जास्त करत दोन्ही ब्रेक एकत्र दाबायचे. खालचा गिअर घेऊ नका. खालच्या गिअरला चाकावर इतकी ताकद येते की ब्रेक इंजिनला अडवू शकत नाही, प्लेटवर झटकाच बसत नाही, आणि ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जाण्याचा धोका वेगळा. पाच-सहा वेळा करून सुटला नाही तर थांबा.

एक गोष्ट बजावून सांगतो. या मॉडेलात हाय-लो लिव्हर (जलद-मंद गिअर निवडणारा) ठरलेल्या जागी असल्याशिवाय स्टार्टर लागत नाही, अशी सोय असते. जुन्या ट्रॅक्टरवर ती बऱ्याचदा वायर जोडून मोडलेली असते. तशी असेल तर खाली उभं राहून स्टार्टरला पान्याने शॉर्ट करायची कल्पनाही करू नका. गिअरमध्ये असला तर मागचं चाक अंगावरून जातं. आधी ती वायर पूर्ववत करा.

लेथ_अक्कलकोटरोड

वरचं सगळं बरोबर आहे, तरी माझं मत वेगळं. पाणी मागून आत गेलंय, फ्लायव्हीलला गंजाचा थर दिसतोय. प्लेट सुटली तरी तो खडबडीत थर लायनरला पॉलिश पेपरसारखा खाणार, आणि पेरणीच्या ऐन दिवसांत परत बसणार. गंज नुसता कडेला असेल तर चालवा. ब्लेडने फट घेताना पूर्ण घेरात करकर लागली तर आत्ताच खोला.

खोलताना ट्रॅक्टर पक्क्या फरशीवर घ्या, काळ्या मातीवर जॅक खचतो. बॅटरी काढा, बॉनेट काढा. मग इंजिनकडून मागे जाणारं सगळं सोडवा: गॅसचा रॉड, स्टॉप केबल, ऑइल प्रेशरची नळी, टेम्परेचर मीटरची बारीक तार (ही मुडपली की मीटर गेलं), तास-मीटरची केबल, स्टार्टर आणि डायनामोच्या वायरी, स्टेअरिंगचे दोन्ही बाजूचे रॉड. स्टार्टर मोटर काढून ठेवा. प्रत्येक वायरला कापडी पट्टी बांधून नंबर टाका.

यानंतर पुढच्या अ‍ॅक्सलवर, दोन्ही बाजूंना, अ‍ॅक्सल आणि त्याच्या वरच्या सपोर्टमध्ये लाकडी पाचरी ठोका. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनेवर डोलतो. मागचा भाग सुटला की इंजिन त्या पिनेवर एका अंगाला कलंडतं, आणि बहुतेक अपघात याच चुकीने होतात. गिअर बॉक्सच्या खाली पक्का ठोकळा-स्टँड, जॅकवर भरवसा नको. इंजिनचं वजन चेन पुलीवर नुसतं तोलून धरा, ओढू नका. मागच्या चाकांना दगड, बोल्ट काढा, पुढचा भाग सरळ रेषेत पुढे ढकला. अडकलं तर ताकद लावण्याआधी एखादा बोल्ट राहिलाय का बघा. फूट-दीड फूट फट झाली की पुरे.

क्लच काढण्यापूर्वी कव्हर आणि फ्लायव्हीलवर पंचने खूण करा, म्हणजे बसवताना बॅलन्स जात नाही. बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा ढिले करत या. एक बाजू पूर्ण काढून दुसरी तशीच ठेवली तर कव्हर मुडपतं. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

तुमच्या मशीनवर क्लच सिंगल आहे की ड्युअल ते इथे कळेल. दोन प्लेटा दिसल्या तर ड्युअल: पेडलच्या पहिल्या टप्प्यात चाकांची ताकद तुटते, पूर्ण दाबल्यावर पीटीओची (अवजाराला ताकद देणाऱ्या मागच्या शाफ्टची). ड्युअल असेंब्ली घरी उघडू नका. आत दाबलेल्या स्प्रिंगा असतात, लांब बोल्ट किंवा प्रेसशिवाय सोडल्या तर उडतात. अख्खी असेंब्ली दुरुस्तीला द्या.

तपासायचं काय? लायनर रिव्हेटच्या डोक्यापासून १ मिमीपेक्षा कमी उरला असेल तर प्लेट बदला. हब शाफ्टवर सरकवून बघा, खाचांत कुरकुर खेळ असेल तर प्लेट गेली. फ्लायव्हीलवर निळे डाग, केसासारख्या भेगा किंवा नखाला लागणारी पायरी असेल तर लेथवर मारून घ्या. नुसता गंज असेल तर पॉलिश पेपरने गोल-गोल घासून काढा. प्रेशर प्लेटवर स्टीलची पट्टी उभी धरून मागून उजेड टाका; मध्यभागी उजेड दिसला तर ती वाकली आहे. तिन्ही बोटांची टोकं एका पातळीत हवीत, अर्धा मिमीच्या पलीकडे फरक असेल तर गिअर टाकताना धक्का बसतो.

एकदा खोललं की स्वस्तातल्या तीन वस्तू डोळे झाकून बदला: रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग आणि गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं ऑइल सील. क्रँकच्या मागच्या सीलमधून ओल दिसली तर तेही आत्ताच. शंभराच्या घरातल्या सीलसाठी ट्रॅक्टर दुसऱ्यांदा खोलायला लागतो ते फार वाईट वाटतं.

रिलीज बेअरिंग सीलबंद असतं, ते डिझेलने धुवायचं नाही. आतलं ग्रीस निघून जातं आणि महिन्याभरात किंचाळायला लागतं.

बसवताना प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ते काढतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि क्लच सुटत नाही. खाचांवर ग्रीसचा अगदी पातळ हात, बोटाने पुसून घ्या. जास्त लावलं तर फिरताना लायनरवर उडतं. प्लेट मध्यात आणायला जुना इनपुट शाफ्ट किंवा लाकडी डमी शाफ्ट लागतो. त्याशिवाय कव्हरचे बोल्ट कसले तर इंजिन आणि गिअर बॉक्स जोडताना शेवटचा इंचभर मिळतच नाही. अशा वेळी हाउसिंगचे बोल्ट आवळून दोन भाग ओढून घेऊ नका, हबचे दात मोडतात. पुली हळू हळू फिरवा, खाचा जुळल्या की आपोआप आत जातं.

शिवार_मोहोळ

पाचरीची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. ब्लेड फिरवलं, खालच्या निम्म्या घेरात करकर आहे, त्यामुळे खोलायचं ठरलं. इंजिन मात्र खोलण्याआधी चालू करून बघू का नंतर?

डिझेल_नोझल

आधी. इंजिनमध्ये मोठं काही निघालं तर ते काम क्लचसोबतच होईल. पण स्टार्टर लावायची घाई नको.

टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा, तळाशी पाणी आणि चिकट गाळ असणार. टाकी धुवा, दोन्ही फिल्टर नवीन. इंजिन ऑइल गरम करून काढता येणार नाही, तरी थंडच काढा आणि फिल्टरसकट बदला. १५डब्ल्यू-४० डिझेल ग्रेड, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत. नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पान्याने पाच-सहा पूर्ण फेरे फिरवा. नोझल बाहेर आहेत तोवर ते इंजेक्शन पंप दुरुस्त करणाऱ्याकडे टेस्टला देऊन या, परत बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवीन. हवेच्या फिल्टरच्या वाटीत जुनं ऑइल गोंदासारखं झालेलं असतं, उंदरांचं घरटंही असतं. ते काढा.

इंजेक्शन पंप रोटरी असेल तर आतला मीटरिंग व्हॉल्व (डिझेल किती जायचं ते ठरवणारा) इतक्या वर्षांत चिकटतो. चिकटला तर इंजिन चालूच होत नाही, किंवा चालू होऊन गॅस सोडला तरी उतरत नाही. दुसऱ्या प्रकाराची तयारी ठेवा: पहिल्या स्टार्टला हवेच्या पाइपाचं तोंड उघडं ठेवा आणि शेजारी एका माणसाच्या हातात सपाट फळी द्या. इंजिन बेफाम सुटलं आणि स्टॉप नॉबने ऐकलं नाही तर फळी तोंडावर दाबायची. हात किंवा फडकं लावायचं नाही, आत ओढलं जातं.

हवा काढताना क्रम असा: फीड पंपाचा हाताचा लिव्हर मारत फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचे स्क्रू, मग स्टार्टर फिरवत नोझलच्या नळ्यांचे नट. बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की आवळा. लिव्हर मारताना काहीच जोर लागत नसेल तर पंप खराब नाही. पंप चालवणारा कॅम (शाफ्टवरचा उंचवटा) वर आलेला असतो. पुली एक फेरा फिरवा, लिव्हरला दम येतो. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे मिनिटभर थांबा. चालू झालं की सगळ्यात आधी ऑइल प्रेशर. दहा सेकंदांत काटा हलला नाही तर बंद करा.

आणि तुमचं चहाच्या रंगाचं गिअर ऑइल. या ट्रॅक्टरमध्ये गिअर बॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात, म्हणून ते पाणी लिफ्टच्या पंपातही गेलंय. पाणी बहुधा गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबर बुटातून शिरलं असणार. खालचे सगळे ड्रेन बोल्ट उघडा, आधी निव्वळ पाणी येईल. मग स्वस्त तेल आणि थोडं डिझेल घालून, चाकं उचलून पाच मिनिटं कमी आरपीएमवर फिरवा, लिफ्ट वर-खाली करू नका, परत काढा. दुसऱ्यांदाही दुधाळ निघालं तर पुन्हा एकदा. शेवटी चांगलं तेल, नवीन रबर बूट. हे क्लच जोडल्यानंतरच करा, आधी केलं तर फुकट जाईल.

एमएच_१३

मशीनच्या कामात कागद विसरू नका. आरसी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याला फॉर्म २५. मूळ मालक हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. इंजिन आणि चेसिस नंबर खरवडताना पुसले जाणार नाहीत एवढं बघा, रंग मारण्याआधी त्या पट्टीवर चिकटपट्टी लावा. तपासणीला नंबर वाचता आला नाही तर काम अडतं.

शिवार_मोहोळ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: जोडल्यावर पेडलची सेटिंग किती ठेवायची, आणि लगेच टँकर जोडला तर चालेल का?

भीमाकाठ_वर्कशॉप

पेडलला हाताने दाबून बघा, ताण लागेपर्यंतचा मोकळा खेळ साधारण २० ते २५ मिमी असू द्या. मॅन्युअल मिळालं तर त्यातला आकडा धरा. खेळ शून्य ठेवला तर बेअरिंग सतत बोटांवर घासतं आणि प्लेटही पूर्ण दाबली जात नाही, ओझ्याला घसरते. खेळ जास्त ठेवला तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर कुरकुरतात. लायनर झिजत जातो तसा खेळ कमी होतो, म्हणून पहिल्या पंचवीस तासांनंतर परत मोजा.

टँकर लगेच नको. पहिले दोन दिवस रिकामा ट्रॅक्टर, मग हलकी पाळी. नवा लायनर फ्लायव्हीलवर सगळीकडे सारखा बसला नाही तर नुसत्या उंचवट्यांवर जळतो. पाय पेडलवर टेकवून चालवायची सवय असणाऱ्याला पहिला आठवडा सीटवर बसवू नका.

पेरणी संपल्यावर परत दोन-तीन महिने उभा राहणार असेल तर बंद करताना पेडल दाबून दांडा अडकवून ठेवा, आणि पंधरा दिवसांतून एकदा चालू करून चार-पाच वेळा क्लच मारा. शेडची पश्चिमेची बाजू मात्र परतीच्या पावसाआधी पत्र्याने बंद करा. पाणी तिथूनच आलंय.